रिकामं फिरणारं चाक

लोकशाही वाचवण्याची संधी सामान्य माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. मला ती मिळाली तेव्हा मी पोटरीभर चिखलात उभा होतो, माझी उजवी चप्पल लोकशाहीच्या आधीच वाहून गेली होती आणि जीपचं मागचं डावं चाक मला नखशिखान्त चिखलानं माखत होतं.

"ढकला!" भिकाजी ड्रायव्हर आतून ओरडला. "दुपारी जेवलात ना? मग ढकला की!"

ढकलणारे आम्ही तिघं. मी, हवालदार झगडे आणि नाचणकर बाई. बाई माझ्यासारख्याच मतदान अधिकारी म्हणून नेमलेल्या; एरवी भाटकोंडच्या शेजारच्या वाडीत प्राथमिक शाळा चालवायच्या. त्यांनी पदर खोचला होता आणि आमच्या तिघांत खरा जोर त्यांचाच लागत होता. चौथे, म्हणजे आमचे केंद्राध्यक्ष रिसबूड साहेब, जीपमध्ये मागच्या उजव्या बाकावर बसले होते. त्यांच्या मांडीशी मतपेटी होती आणि पेटीवर त्यांचा उजवा हात होता. ते उतरणार नव्हते. केंद्राध्यक्षानं मतपेटी सोडायची नसते.

"पाणी कुठवर आलं?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी ट्रककडे बघितलं.

त्या खाडीच्या मधोमध एक वाळूचा ट्रक उभा होता. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी ओहोटीचा अंदाज चुकून तो तिथं सोडला आणि नंतर तो न्यायला कोणी आलं नाही. गंजून लाल झालेला. भाटकोंडची माणसं भरती किती आली ते त्या ट्रकवरून सांगायची. "टायर बुडालं की बैलगाडी नको. दाराची कडी बुडाली की माणूस नको." आम्ही निघालो तेव्हा टायरं पूर्ण दिसत होती. आता अर्धी दिसत होती.

ही गोष्ट पंचायत समितीच्या निवडणुकीची. अजून कागदी मतपत्रिका होत्या, पेट्या लोखंडी होत्या आणि पेटीला सुतळी, कापड, लाख असा नवरीपेक्षा जास्त साज चढवावा लागे. मी तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. नोकरीत कायम व्हायला थोडेच महिने उरले होते. तेवढ्यात मतदान अधिकारी म्हणून हुकूम आला. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "सोवनी, एवढं एक नीट पार पाडा. पेटीला काही झालं तर थेट निलंबन असतं. मग मीही काही करू शकणार नाही." हे ते इतक्या आनंदानं म्हणाले की माझ्या जागेवर त्यांचा भाचा येणार असल्याची बातमी खरी असावी असं मला वाटलं.

भाटकोंड खाडीपलीकडे. पूल नाही. दर निवडणुकीत सगळे उमेदवार पूल बांधतात, मग मतमोजणीला तो वाहून जातो. ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडतो आणि दगड टाकून केलेल्या वाटेवरून गाडी पलीकडे जाते. भरतीच्या वेळी एक होडी, म्हणजे तर, असते. ती चालवणारा हरी तांडेल. आम्ही आदल्या दिवशी ओहोटीला आलो, शाळेत मुक्काम केला आणि सकाळी मतदान सुरू केलं.

सुरू केलं म्हणजे काय, साहेबांना सुतळीची गाठ पसंत पडेना. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली. रांग तोवर उभी. रांगेत हरी तांडेल सगळ्यात अस्वस्थ.

"सायेब, माझा तेवढा शिक्का मारून घ्या," तो दारातून म्हणत होता. "पलीकडे कोणतरी केवापासून हाका मारतंय. तर घेऊन जायला हवी."

"पलीकडचा माणूस मतदार आहे का या केंद्राचा?"

"नाय, पण..."

"मग तो थांबेल. रांग म्हणजे रांग."

हरी रांगेत थांबला. पलीकडचा माणूस बराच वेळ हाका मारून निघून गेला. एवढंच.

रिसबूड साहेब भूमिअभिलेख खात्यात होते. माणूस सचोटीचा. वजन असं की त्यांच्यासाठी शाळेतल्या दोन खुर्च्या आधीच कामातून गेल्या होत्या. तो विषय मात्र काढायचा नाही. झगडे हवालदारानं सकाळी "साहेब, बाकावरच बसा, ते मजबूत आहे" म्हटलं होतं, तर साहेब दुपारपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते.

मतदान संपल्यावर पेटीला लाख लावताना त्यांच्या लक्षात आलं की शिक्का उलटा उमटला आहे. लाख खरवडून काढली. पुन्हा वितळवली. मेणबत्ती वाऱ्यानं विझत होती. भिकाजी दारात येऊन तीनदा म्हणाला, "सायेब, पाणी आपल्या शिक्क्यासाठी थांबायचं नाय." साहेब म्हणाले, "पाण्याला सांग, शासकीय काम चालू आहे."

पाण्याला कोणी सांगितलं नसावं.

आणि आता आम्ही वाटेच्या मध्यावर होतो. जीपचं पुढचं डावं चाक एका मोठ्या दगडावर चढलं होतं. त्यामुळे गाडी उजवीकडे आणि मागे कलली होती, एक पाय तोकडा असलेल्या टेबलासारखी. मागचं उजवं चाक दगडांत घट्ट बसलेलं. मागचं डावं एका खळग्यावर, जेमतेम शेवाळाला टेकलेलं.

"आणखी वजन कमी करा!" भिकाजी म्हणाला. "सामान काढा खाली. गाडी हलकी झाली की उडेल."

आम्ही कंदील, मतदान कक्षाचा पत्र्याचा आडोसा, बाईंची पिशवी असं सगळं काढून शेजारच्या दगडावर ठेवलं. भिकाजीनं पाय दाबला. इंजिन किंचाळलं. डावं चाक गरगर फिरलं, झगड्यांच्या खाकीवर चिखलाची नक्षी उमटली, जीप जिथल्या तिथं.

तेव्हा मी पहिल्यांदा उजव्या चाकाकडे बघितलं. ते फिरतच नव्हतं. एवढा गोंगाट चाललेला असताना ते दगडावर निवांत बसून होतं.

ते का, हे मला ठाऊक होतं. आमच्या प्रयोगशाळेत एसटीच्या वर्कशॉपनं दिलेला, कापून आतला भाग उघडा केलेला एक डिफरन्शियल होता. दरवर्षी मी तो मुलांना दाखवायचो आणि दरवर्षी मुलं तो फिरवून हसायची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन्ही चाकांना एकाच दांड्यावर ठोकून चालत नाही, मध्ये हे दातेरी चाकांचं डबडं लागतं. त्यानं वळण सोपं होतं. पण त्याची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं, आणि तोही त्या दोघांतल्या कमजोर चाकाला पेलेल तेवढाच.

"बाई," मी म्हणालो, "हलकी करून उपयोग नाही. जड करायला हवी."

"सर, उन्हानं काही झालं का?"

"ते डावं चाक बघा. त्याला पकडच नाही, म्हणून ते फुकट फिरतंय. आणि ते फुकट फिरतंय तोवर उजव्यालाही तेवढाच जोर मिळणार. म्हणजे काहीच नाही. उजवं चाक अख्खी जीप ओढू शकतं, पण त्याला ओढायला कोणी देत नाही."

बाईंनी दोन्ही चाकांकडे नीट बघितलं.

"म्हणजे जो नुसता भिरभिरतो त्याच्याएवढंच काम बाकीच्यांना करता येतं?"

"बरोबर."

"आमच्या केंद्रशाळेला हे यंत्र दाखवायला न्यायला हवं," बाई म्हणाल्या. "मग आता?"

"डाव्या बाजूला वजन टाकायचं. ते खाली टेकलं की दोन्ही ओढतील."

भिकाजीला हे सांगितलं तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं, विडी काढली आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. "सर, मी बारा वर्षं गाडी मारतोय. गाडी फसली की माणसं उतरतात. चढतात असं कधी ऐकलंत?"

"ह्या जीपला फोर व्हील नाही का?" झगड्यांनी विचारलं. "त्यो दुसरा दांडा कशाचा मग?"

"दांडा आहे. खाली काय नाय त्याला. मी पिशवी टांगतो."

ट्रकच्या टायरांचा वरचा गोल तेवढा दिसत होता. सूर्य डोंगराला टेकला होता आणि पाणी आवाज न करता येत होतं. भरतीचं हेच वाईट. लाटा येत नाहीत, गर्जना नाही. आत्ता दगड होता, आत्ता नाही. आमचा कंदील ठेवलेला दगड नाहीसा झाला आणि कंदील भाटकोंडच्या दिशेनं तरंगत निघाला.

झगडे हवालदार माणदेशातले. त्यांनी त्या पाण्याकडे असं बघितलं की माझा धीरच सुटला. "सर, आमच्याकडं प्यायला पानी न्हाई," ते म्हणाले, "आन् हितं बुडायला एवढं. मला पव्हता येत न्हाई. ठाण्यात कुनाला सांगू नगा."

"मलाही येत नाही," मी म्हणालो.

"मग चला की पेटी उचलून चालत," बाई म्हणाल्या. "पुढं कमरेएवढंच असेल अजून."

आतून साहेबांचा आवाज आला. "मतपेटी नेमून दिलेल्या वाहनातूनच न्यायची आहे. पायी नेलेली पेटी ग्राह्य धरतील का? उद्या कोणी आक्षेप घेतला तर उत्तर कोण देणार?"

"उत्तर द्यायला आपण असलो पाहिजे ना साहेब," बाई म्हणाल्या.

"मी आहे. मी हललेलो नाही."

ते खरं होतं. अडचण तीच होती.

"भिकाजी, एकदा माझं ऐक," मी म्हणालो. "एकदाच. मग तू सांगशील ते."

आम्ही तिघं मागच्या डाव्या कोपऱ्यावर चढलो. झगडे मडगार्डवर, मी बंपरवर, बाई पत्रा धरून माझ्या शेजारी. भिकाजीनं विडी फेकली आणि क्लच सोडला. डावं चाक फिरलं, पण या वेळी आवाज वेगळा आला, खरखरीत. काहीतरी धरलं त्यानं. जीप हातभर पुढं सरकली. मग पुन्हा निसटली आणि मागं येऊन खळग्यात बसली.

"सरकली!" भिकाजी ओरडला. "आयशप्पत, सरकली! सर, आणखी एक माणूस पायजे!"

आम्ही चौघांनी एकाच वेळी रिसबूड साहेबांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?"

शेवटी पदार्थविज्ञान माझं होतं. "साहेब, तुम्ही उजवीकडे बसलाय. जरा डावीकडच्या बाकावर सरकलात तर..."

"का?"

"चाकाला भार मिळेल."

साहेबांचा चेहरा बंद झाला. कपाटाचं दार बंद होतं तसा. "प्रोफेसर सोवनी," ते फार शांतपणे म्हणाले, "तुम्हाला असं सुचवायचं आहे का, की ही गाडी माझ्यामुळे कलली आहे?"

"नाही साहेब, दगडामुळे..."

"तुम्ही तिघं काल येताना भिकाजीला काय म्हणत होता ते मी ऐकलं आहे. स्प्रिंगांबद्दल."

ते आम्ही खरोखरच म्हणालो होतो.

"पेटी उजव्या बाजूच्या कडीला मी स्वतः बांधली आहे. पेटी जिथं, मी तिथं. मी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून पेटीपासून हललेलो नाही आणि आज चेष्टेसाठी हलणार नाही. याचा उल्लेख माझ्या अहवालात येईल."

ट्रकचं टायर दिसेनासं झालं. जीपच्या धुराड्यातून बुडबुडे यायला लागले. भिकाजी हळू आवाजात म्हणाला, "सर, इंजिन एकदा पाणी प्यालं की मग ती पण त्या ट्रकासारखीच. काय ते आत्ता करा."

मला प्राचार्यांचा आनंदी चेहरा दिसत होता. पाण्यात तरंगणाऱ्या मतपत्रिका दिसत होत्या. निलंबित होण्यासाठी आधी जिवंत राहावं लागतं, हेही मधेच लक्षात येत होतं.

माझ्या कोपराला धक्का लागला. नाचणकर बाई. त्यांच्या हातात त्यांचा फिरकीचा तांब्या होता, सकाळपासून प्यायचं पाणी होतं तो. त्यांनी फिरकी काढली, माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी साहेबांकडे खूण केली. मला कळायला एक क्षण लागला.

"साहेब!" मी डाव्या बाजूनं ओरडलो. "तो ट्रक बघा! त्याची कडी बुडाली का?"

साहेब मान वळवून ट्रकाकडे बघायला लागले. बाईंनी जीपच्या पाठीमागून हात आत घातला आणि तांब्या पेटीच्या बुडाशी उपडा केला.

"कडी दिसते आहे अजून," साहेब म्हणाले. "दिशाभूल करू नका."

"साहेब," बाई म्हणाल्या, "पेटीखाली पाणी आलंय."

साहेबांनी खाली बघितलं. गाडी उजवीकडे कललेली. सगळं पाणी त्यांच्या बुटांभोवती आणि पेटीच्या कडेला साठलं होतं. त्यांनी बोट लावून बघितलं. मी इतका घाबरलेला माणूस त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. स्वतःसाठी तो माणूस जराही घाबरला नव्हता.

"सुतळी सोडा!" ते म्हणाले. "चाकू! झगडे, चाकू! पेटी उंच बाजूला घ्या!"

उंच बाजू डावी होती.

झगड्यांनी सुतळी कापली. साहेबांनी कुणाच्या हातात पेटी दिली नाही. लोखंडाची ती पेटी त्यांनी स्वतः छातीशी धरली, वाकून, हुंदका दिल्यासारखा आवाज करत डाव्या बाकावर गेले आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, चाकाच्या बरोबर वर, मांडीवर पेटी घेऊन बसले. जीप कण्हली. डावी बाजू खाली गेली. मी बंपरवर होतो, माझ्या पायाखाली मला ते कळलं. चाक तळाला टेकलं होतं.

"मार, भिकाजी!"

भिकाजीनं मारली. या वेळी किंचाळणं नव्हतं. घोगरा, खालचा आवाज आला, दोन्ही चाकं एकदम फिरली, जीपनं दगडावरून उडी घेतली आणि आम्ही तिघं कुठं काय धरलं होतं ते धरून लोंबकळत राहिलो. समोरच्या प्रवाहात पाणी बॉनेटच्या जाळीपर्यंत आलं. भिकाजीनं पाय उचलला नाही. मध्येच तो देवाचं नाव घेत होता, मध्येच गाडीच्या आईचं. मग चाकांखाली वाळू लागली, मग खडी, मग आम्ही काठावर होतो आणि इंजिन आपण होऊन बंद पडलं.

बराच वेळ कोणी उतरलं नाही. मागं वळून बघितलं तर ट्रकची कडी दिसत नव्हती.

"म्हाळसाकांतानं वाचवलं," झगडे म्हणाले.

"इंजिन," भिकाजी म्हणाला. "जुनं इंजिन आहे. दुसरं असतं तर गेलं होतं."

रिसबूड साहेब पेटी मांडीवर घेऊन अजून त्याच कोपऱ्यात बसले होते. "लक्षात ठेवा सोवनी," ते म्हणाले. "मी जर पेटीपासून जराही बाजूला झालो असतो ना, तर आज काही खरं नव्हतं."

मी विचार केला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"हो साहेब," मी म्हणालो.

बाई रिकामा तांब्या उलटा करून झटकत होत्या. "सर," त्या मला म्हणाल्या, "तहान लागली हो."

तालुक्याच्या गोदामात पेट्या जमा करण्याची गर्दी होती. दिवे लागले होते. प्रत्येक गणाचं, म्हणजे मतदारसंघाचं, टेबल वेगळं, बाकीच्या टेबलांपुढे चिखल न लागलेली माणसं. आमच्या गणाच्या टेबलापुढे कोणीच नव्हतं. टेबलामागं एक कारकून शेंगदाणे खात होता.

साहेबांनी पेटी टेबलावर ठेवली. तिला डाग नव्हता. लाखेचा शिक्का सुलटा होता. "भाटकोंड केंद्र," ते म्हणाले. "पेटी कोरडी आणि शाबूत आहे."

कारकून चक्रावला. "भाटकोंडला मतदान झालं?"

"झालं म्हणजे? सत्तर टक्के झालं."

"अहो, आपल्या गणातलं रद्द आहे. एक उमेदवार काल रात्रीच वारले. बाकी सगळ्या केंद्रांना सकाळीच कळवलं." त्यानं शेंगदाण्याची सालं फुंकली. "तुमच्याकडे शिपाई पाठवला होता की. काठावरून हाका मारमारून परत आला बिचारा. म्हणाला, तरवालाच नाही."

साहेबांचा हात अजून पेटीवर होता.

"ठेवा ती तिकडं," कारकून म्हणाला. "रिकाम्या पेट्यांत."

"भरलेली आहे," साहेब म्हणाले.

"असू दे. सोमवारी रिकामी करू."